जुने इंजिन की नवे? भरवशाचा हिशेब

नाशिक, प्रतिनिधी : जुन्या मोटारसायकलींची इंजिने दणकट होती, आताच्या गाड्या नुसत्या दिखाऊ, हे पालुपद शहरातील दुचाकी गॅरेजांमध्ये नेहमीच ऐकू येते. ते आळवणारी सारी मंडळी वयस्कर असतात असेही नाही. राजदूत रस्त्यावरून दिसेनाशी झाल्यानंतर जन्मलेली मुलेही तितक्याच ठामपणे हेच सांगतात. दुसरीकडे शोरूममधील विक्रेता पाच वर्षांच्या हमीचा कागद पुढे करतो आणि घरातली जुनी गाडी काढून टाकण्याचा सल्ला देतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला वेळेवर पोहोचायचे असलेल्या कामगाराच्या दृष्टीने हा वाद निव्वळ गप्पांचा विषय नाही. गाडी सुरू झाली नाही, तर त्याचा निम्मा दिवस बुडतो. नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होत आलेली गाडी ठेवावी की विकावी, हा प्रश्नही शेवटी याच वादापाशी येऊन थांबतो.

गफलत होते ती 'भरवसा' या एकाच शब्दात दोन वेगळे प्रश्न कोंबल्यामुळे. इंजिन किती वेळा बिघडते, हा पहिला प्रश्न. बिघडल्यावर ते किती वेळात, किती खर्चात आणि कोणाच्या हातून पुन्हा चालू होते, हा दुसरा. जुन्या इंजिनांचा सारा लौकिक दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. पहिल्या प्रश्नात ती नव्या इंजिनांच्या जवळपासही येत नाहीत.

घाट चढताना नव्हे, उतरताना

साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय रस्त्यांवर मोटारसायकल म्हटली की तीनच नावे प्रामुख्याने समोर येत. मद्रासला १९५५ पासून तयार होणारी एनफिल्ड बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि पुढे येझदी, तसेच एस्कॉर्ट्सची राजदूत. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटामुळे राजदूतच्या छोट्या गाडीला 'बॉबी' हेच नाव चिकटले. पण ग्रामीण भागाने आपलीशी केली ती मोठी, १७५ सीसीची राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून कच्च्या रस्त्याने निघालेली राजदूत हे निफाड-दिंडोरीकडील नित्याचे दृश्य होते.

बुलेटचे इंजिन फोर-स्ट्रोक, तर जावा, येझदी आणि राजदूतची टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, टॅपेट नसतात, टायमिंग चेन नसते. हलणारे भाग मोजकेच. त्यामुळे वरकरणी बिघडण्यासारखे फारसे काही नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. राजदूत किंवा जुन्या येझदीच्या टाकीत पेट्रोल भरताना ठरावीक प्रमाणात ऑइल मिसळावे लागे. प्रमाण कमी पडले तर पिस्टन पकडणार, जास्त झाले तर प्लग काळा पडून ठिणगीच मारणार नाही. शिवाय जळलेल्या ऑइलचा कार्बन सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या पोर्टमध्ये साचतो. तो काही हजार किलोमीटरनंतर खरवडून काढावा लागे. न काढल्यास गाडी चढावर दम टाकत असे.

नाशिककरांच्या दृष्टीने या इंजिनांची खरी परीक्षा कसारा घाटात होत असे आणि ती मुंबईकडे जाताना, म्हणजे उतारावर. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावरची चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात. पण ॲक्सिलरेटर बंद असल्याने कार्बोरेटरमधून पेट्रोल जवळजवळ येतच नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. वेगाने फिरणारे इंजिन कोरडे पडते, तापते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मागचे चाक एकदम जाम होते. म्हणूनच जाणते स्वार उतारावर अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळत. आज त्या सवयीचे कारण कोणाला विचारले तर सांगता येईलच असे नाही. सवय मात्र काही ज्येष्ठांच्या हातात अजून शिल्लक आहे.

बुलेटची दुखणी निराळी होती. ३४६ सीसीच्या त्या इंजिनाचे सिलिंडर बिडाचे, गिअरबॉक्स वेगळा, क्लचची पेटी वेगळी. तिन्हींचे वंगण वेगवेगळे. जितके जोड तितक्या गळतीच्या जागा, त्यामुळे बुलेट उभी राहील तिथे ऑइलचा डाग पडणार हे गृहीतच धरलेले असे. टॅपेट वारंवार जुळवावे लागत. ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट असत. ते झिजत, जळत आणि इगतपुरीच्या पावसात दमट झाले की रुसून बसत. घाटमाथ्यावर रस्त्याकडेच्या टपरीत पॉइंट पुसत बसलेला बुलेटवाला ही पावसाळ्यातली नवलाची गोष्ट नव्हती.

तरीही या गाड्या 'कधी दगा देत नाहीत' अशी ख्याती पसरली. कारण त्या काळचा दुचाकीस्वार हा निम्मा मेकॅनिक असे. डिकीत प्लगचा पाना, जादा प्लग, सँडपेपरचा तुकडा आणि थोडी तार ठेवल्याशिवाय तो गावाबाहेर पडत नसे. गाडी वाटेत बंद पडणे हा बिघाड मानलाच जात नव्हता. तो प्रवासाचा भाग होता. त्यामुळे १५ मिनिटांत पुन्हा चालू झालेली गाडी स्मरणात 'बंद न पडलेली' म्हणूनच राहिली.

९७.२ सीसीची साक्ष

जुन्या-नव्याची तुलना बहुधा अन्यायकारक ठरते, कारण दोन्ही बाजूंना वेगळ्या कंपनीची, वेगळ्या आकाराची आणि वेगळ्या कामासाठी बनविलेली इंजिने असतात. सुदैवाने एक उदाहरण असे आहे, की ज्यात इंजिनाचे मूळ माप तेच राहिले आणि भोवतालचे सारे बदलत गेले.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. ९७.२ सीसी, फोर-स्ट्रोक, जेमतेम साडेसात अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक आणि ११ अश्वशक्ती. तरुणांची मने आरएक्सने जिंकली, यात वाद नाही. पण घरखर्चाचा मेळ सीडी १०० ने बसविला. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात प्रामुख्याने इंधन बचतीसंबंधी असली, तरी लोकांनी तिचा अर्थ अधिक व्यापक घेतला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची गरज नाही, कार्बन खरवडण्याची कटकट नाही, उतारावर पिस्टन पकडण्याची धास्ती नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाच्या भागात वेगळे साठविलेले असते आणि इंजिन फिरत आहे तोवर ते सर्वत्र पोहोचत राहते. ॲक्सिलरेटर बंद आहे की सुरू, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

१९९४ मध्ये याच मापाच्या इंजिनावर स्प्लेंडर आली. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ४९.५ मिलिमीटर. हिरो आणि होंडा यांनी डिसेंबर २०१० मध्ये विभक्त होण्याचा निर्णय जाहीर केला, २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, प्रदूषणाचे निकष पुनःपुन्हा बदलले. हे माप मात्र कायम राहिले. २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यावर स्प्लेंडर प्लसचा कार्बोरेटर गेला आणि त्याजागी फ्युएल इंजेक्शन आले. म्हणजेच एका बाजूला कार्बोरेटरची जुनी स्प्लेंडर आणि दुसऱ्या बाजूला संगणकीय नियंत्रणाची नवी स्प्लेंडर, अशी समोरासमोर तुलना कोणालाही करता येते.

या तुलनेतून दिसते ते असे : पिस्टन, रिंगा, क्रँक, कॅम हा इंजिनाचा लोखंडी संसार दोन्हींत सारखाच टिकाऊ आहे. नियमित ऑइल बदललेल्या जुन्या स्प्लेंडरचे इंजिन न उघडता वर्षानुवर्षे चालल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये सापडतील. आज कंपनी या गाडीवर पाच वर्षे किंवा ७० हजार किलोमीटरची हमी देते. कोणतीही कंपनी आपल्या पदरचे पैसे घालवण्यासाठी हमी देत नसते. इतके अंतर पार करताना टू-स्ट्रोक राजदूतचे किंवा येझदीचे सिलिंडर बहुधा बोअर करावेच लागे. फरक पडला आहे तो इंजिनाभोवतीच्या यंत्रणेत. निफाडमध्ये थंडीच्या दिवसांत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा जुन्या गाडीचा चोक ओढून पाच-सात किका माराव्या लागतात आणि चोक वेळेत ढकलला नाही तर प्लग पेट्रोलने ओला होतो. नव्या गाडीत इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर थंडी ओळखतो आणि नियंत्रक पेट्रोलचे प्रमाण स्वतःच वाढवतो. सकाळी निघणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मायक्रॉनचा हिशेब

इंजिने सुधारली ती कशामुळे? धातू अचानक चांगला मिळू लागला, एवढेच कारण नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या शतांशात मोजावी लागते. ती थोडी जास्त झाली तर इंजिन ऑइल जाळते, थोडी कमी झाली तर तापल्यावर पिस्टन पकडतो. जुन्या काळी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन इंजिनांमध्येही ही फट सारखी असेल याची खात्री नसे. त्यामुळे एखादी बुलेट 'लकी' निघे आणि दुसरी मालकाला गॅरेजचे उंबरठे झिजवायला लावी. नाशिकला मायक्रॉन हा शब्द काही नवा नाही. सातपूरच्या बॉश, म्हणजे पूर्वीच्या मायको कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर अनेक वर्षे बनत आले आहेत आणि तिथले कामच मायक्रॉनचे. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे अशी अचूकता मोटारसायकलीच्या सिलिंडरपर्यंत पोहोचली, तेव्हा 'लकी' इंजिनाची भाषाही मागे पडली.

याला जोड मिळाली ती वंगणाची आणि ठिणगीची. आजच्या इंजिन ऑइलची उष्णता सोसण्याची आणि इंजिन स्वच्छ ठेवण्याची क्षमता जुन्या ऑइलपेक्षा कितीतरी अधिक आहे. पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, तेव्हा झिजणारा एक भागच नाहीसा झाला. बुलेटच्या बाबतीत २००८-०९ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली रचना आली, बिडाऐवजी ॲल्युमिनियमचे सिलिंडर आले, टॅपेट आपोआप जुळणारे झाले आणि ऑइलचे डाग बव्हंशी थांबले. नोव्हेंबर २०२० मध्ये मेटिओर ३५० सोबत आलेले ३४९ सीसीचे इंजिन त्याहीपुढचे. थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट त्यात आहे. थरथर कमी म्हणजे केवळ आराम नव्हे. नट ढिले होणे, तारा घासणे, ब्रॅकेटला तडा जाणे हे सारे थरथरीचेच परिणाम. 'ठोका हरवला' म्हणून हळहळणाऱ्या बुलेटप्रेमींनी हेही ध्यानात घ्यायला हरकत नाही.

अर्थात सगळीच नवी इंजिने एका पारड्यात टाकता येणार नाहीत. जुनी बुलेट ३४६ सीसीमधून सुमारे १८ अश्वशक्ती काढत असे. चाकणला तयार झालेल्या केटीएम ३९० ड्यूकने २०१३ मध्ये ३७३ सीसीमधून ४३ अश्वशक्ती काढली. एक संथपणे चालणारे, दुसरे सतत जोर लावणारे. दोन्हींकडून सारख्याच देखभालीत सारख्याच आयुष्याची अपेक्षा ठेवणे चुकीचे होय. अशा शक्तिशाली इंजिनांत सिलिंडरच्या आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो. तो सहसा झिजत नाही. पण ओरखडा पडलाच तर लेथवाल्याकडे नेऊन बोअर करणे आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकणे हा जुना मार्ग बंद होतो. सिलिंडरच नवे घ्यावे लागते.

परदेशातील एक पाहणी या संदर्भात बोलकी आहे. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने २०१५ मध्ये ११ हजारांहून अधिक मोटारसायकलींची माहिती वाचकांकडून गोळा केली. चार वर्षांत मोठा बिघाड होण्याचे प्रमाण यामाहाच्या बाबतीत ११ टक्के, सुझुकी आणि होंडाच्या बाबतीत १२ टक्के, हार्ले-डेव्हिडसनचे २६ टक्के, तर बीएमडब्ल्यूचे ४० टक्के आढळले. हे बिघाड केवळ इंजिनाचे नव्हते. मात्र एकाच काळात बनलेल्या गाड्यांमध्ये जवळपास चौपट फरक असेल, तर भरवसा हा केवळ जुन्या-नव्याचा प्रश्न नाही, बनवणारा कोण आणि गाडी किती गुंतागुंतीची याचाही आहे, हे उघड होते.

बिघाड तारेत शिरला

नव्या इंजिनाचा लोखंडी भाग क्वचित बिघडतो, हे मान्य केले की उरतो तो वायरिंगचा भाग. तक्रारींचे मूळ इथे आहे.

प्रदूषणाच्या निकषांनी मोटारसायकलीचा चेहरामोहरा बदलला. १९९६ च्या निकषांनुसार दुचाकीला दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅमपर्यंत मुभा होती. २००० मध्ये दोन्ही मर्यादा २ ग्रॅमवर आल्या आणि टू-स्ट्रोकची घरघर सुरू झाली. २०२० च्या बीएस-६ निकषांत कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१० ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम एवढीच परवानगी उरली. चाचणीची पद्धतही दरम्यान बदलली, त्यामुळे आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. तरीही ३.६ वरून ०.१६ ही घसरण किती मोठी, ते सांगायला गणिती लागत नाही. साध्या कार्बोरेटरला हे जमणे शक्य नव्हते. बजाजने काही छोट्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा कार्बोरेटर चालविला, बाकी जवळपास सर्वांनी फ्युएल इंजेक्शन स्वीकारले.

या वाटेवर धडपडही झाली. हिरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर या गाडीत इंजेक्शन आणले. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणि २००३ मध्ये दोन प्लगचे इंजिन आणून बाजार हलवला होता. त्याच बजाजची इंजेक्शनवाली पल्सर २२० जुलै २००७ मध्ये आली आणि २००९ मध्ये ती बंद होऊन त्याच नावाची कार्बोरेटरवाली गाडी आली. स्वस्त, सोपी आणि तरीही वेगवान. ग्राहकांनीही तीच उचलून धरली. नियम आडवा आला नसता तर कार्बोरेटर आणखी बराच काळ टिकला असता, असे म्हणायला जागा आहे.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो. क्रँकची स्थिती, हवेचा दाब, इंजिनाचे तापमान, ॲक्सिलरेटर किती उघडला आहे, धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे सांगणारे सेन्सर असतात. गाडी आडवी झाली तर इंजिन बंद करणाराही एक असतो. या साऱ्यांचे ऐकून निर्णय घेणारा नियंत्रक वेगळा. यातील प्रत्येक भाग पॉइंट किंवा कार्बोरेटरपेक्षा कमी वेळा बिघडतो. पण बिघडला तर सँडपेपर कामाचा नाही. क्रँकचा सेन्सर गेला की इंजिन धडधाकट असूनही ठिणगी पडत नाही. पंप बंद पडला की टाकी भरलेली असूनही गाडी कोरडी. अनेक नव्या गाड्यांना किकही नसते. नव्या क्लासिक ३५० ला ती नाही. बॅटरी पुरती उतरली, तर पंपाला आणि नियंत्रकालाच वीज मिळत नाही. मग धक्का मारूनही उपयोग होईल याची शाश्वती नसते.

रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, ते उदाहरण पुरेसे बोलके आहे. दोष पिस्टनचा नव्हता, क्रँकचा नव्हता. इग्निशन कॉइलमध्ये दोष होता आणि त्यामुळे इंजिन अडखळण्याचा व क्वचित शॉर्ट सर्किट होण्याचा संभव होता. प्रत्यक्षात दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. यातून दोन्ही बाजूंचे म्हणणे सिद्ध करता येते. एक पुरवठ्यातला भाग सदोष निघाला की लाखो गाड्यांवर सावट येते, हे खरे. आणि जुन्या बुलेटमध्ये दोष निघाल्यावर कारखाना स्वतःहून बोलावत नसे, मालकच गॅरेजमध्ये खेटे घालत असे, हेही तितकेच खरे.

रस्त्याकडेच्या गॅरेजचे काय?

वणीच्या गडाकडे जाताना वाटेत कार्बोरेटरची गाडी बंद पडली, तर पुढच्या गावातला कोणताही मेकॅनिक ती सुरू करून देण्याची शक्यता मोठी. इंजेक्शनची गाडी बंद पडली, तर ती टेम्पोत टाकून नाशिकला आणावी लागण्याची शक्यता मोठी. शहरी माणसाला हा फरक मोबाइलवरून मदत मागवण्यापुरता वाटतो. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला तो एक-दोन दिवसांच्या मजुरीचा असतो.

बीएस-६ सोबत आलेल्या ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक यंत्रणेमुळे गाडी आपला आजार स्वतः सांगते. मीटरवर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला की बिघाडाचा क्रमांक दिसतो. कानाने इंजिन ऐकून निदान करणाऱ्या मेस्त्रीच्या हातात हे साधन आले, तर त्याचे काम सोपे होईल. अडचण अशी, की कंपन्यांची यंत्रणा वेगवेगळी, बाजारातला साधा स्कॅनर सर्वच गाड्यांचे सर्व काही वाचत नाही, आणि तो घेणे लहान गॅरेजवाल्याला सहज परवडत नाही. त्यामुळे निदान न करताच एकामागून एक भाग बदलून पाहण्याचा प्रकार घडतो आणि बिल वाढत जाते. त्याचा दोष इंजिनावर येतो.

सुट्या भागांचीही एक बाजू आहे. येझदी १९९६ मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे परतली, पण त्यांतील इंजिन संपूर्णतः नवे, फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे; जुन्या येझदीला त्याचा एकही भाग उपयोगी नाही. तरीही जुन्या येझदी चालतात, कारण पिस्टन आणि बुश कोणीतरी लेथवर घडवू शकतो. नियंत्रक लेथवर घडवता येत नाही. आज घेतलेल्या गाडीचे मॉडेल बंद पडले, तर १५ वर्षांनी तिचा नियंत्रक कुठे मिळेल, हा प्रश्न ग्राहकाने विचारायला हवा. स्प्लेंडरसारख्या लाखोंनी खपणाऱ्या गाड्यांबाबत काळजी कमी, थोड्या खपलेल्या गाड्यांबाबत अधिक.

भंगारात गेलेल्या गाड्या

जुन्या इंजिनांच्या कौतुकात एक मोजणी नेहमी राहून जाते. आज रस्त्यावर दिसणारी राजदूत किंवा १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली आरएक्स १०० ही चाळणीतून उरलेली गाडी आहे. तिच्यासोबत विकल्या गेलेल्या कितीतरी गाड्या केव्हाच वितळल्या. अंबड-सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटविला, त्याआधी तेथून जाणाऱ्यांनी अशा रिकाम्या सांगाड्यांच्या राशी पाहिल्या असतील. ज्या टिकल्या त्या मालकाच्या मायेने टिकल्या. त्यांचे सिलिंडर एकदा-दोनदा बोअर झालेले, क्रँक उघडून बांधलेला, कार्बोरेटर बदललेला. वाचलेल्यांवरून सगळ्यांचा हिशेब मांडला की चूक होणारच.

उलट नव्या इंजिनांच्या अपयशात मालकाचा वाटा बराच असतो आणि त्याची चर्चा होत नाही. छोट्या गाड्यांच्या इंजिनात ऑइल मावते जेमतेम एक लिटर. जुने टू-स्ट्रोक इंजिन ऑइल कमी पडले की आवाज करून कुरबूर करी. नवे फोर-स्ट्रोक इंजिन निमूटपणे चालत राहते. पातळी निम्म्यावर आली तरी बहुतेक छोट्या गाड्यांत त्याची सूचना देणारा दिवा नसतो. मालकाने 'फर्गेट इट' शब्दशः घेतलेले असते. एक दिवस कॅम खडखडतो, टायमिंग चेन वाजते आणि 'आताच्या इंजिनात दम नाही' असा निकाल लागतो.

पेट्रोलही बदलले

जुनी गाडी ठेवू इच्छिणाऱ्यांसमोर आता इंधनाचा प्रश्न आहे. शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले, तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची चिंता व्यक्त झाली होती. आताचा बदल इथेनॉलचा. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशात बहुतेक सर्वत्र पोहोचले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी व इतर भाग या इंधनाला साजेसे केलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे तसे नाही.

नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात, साध्या पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे म्हटले होते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नुकसानीच्या शंका निराधार ठरविल्या. मात्र काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतील, हेही मान्य केले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. रोज वापरातल्या गाडीला याचा त्रास कमी, महिनोन्‌महिने उभ्या गाडीला अधिक. टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो, कार्बोरेटरचे बारीक जेट तुंबतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते आणि ते जळण्यासाठी हवा कमी लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली नवी गाडी हे ओळखून इंधन वाढवते. कार्बोरेटरला ते कळत नाही, इंजिन थोडे कोरडे चालते आणि जास्त तापते. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी या मुद्द्याकडे अधिक लक्ष द्यावे.

खर्चाचे गणितही बदलत आहे. १५ वर्षांनंतर मोटारसायकलीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून एक हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ते दोन हजार रुपये करण्यात आले. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी नेण्यापूर्वी गॅरेजमध्ये तीन गोष्टी पाहून घेतलेल्या बऱ्या. इंजिन बंद ठेवून किक हाताने दाबल्यावर ती अडते की सहज खाली जाते. सहज जात असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. इंजिन तापल्यावरही धूर निळसर येत असेल तर फोर-स्ट्रोक गाडी ऑइल जाळत आहे आणि हाफ इंजिनचे काम निघणार. पेट्रोलच्या नळ्या दाबून पाहाव्यात. कडक झाल्या असतील किंवा फुगल्या असतील तर त्या आधी बदलाव्यात, त्याचा खर्च फारसा नाही. नवी गाडी असणाऱ्यांनी ऑइलची पातळी महिन्यातून एकदा पाहावी, तीन-चार वर्षांची झालेली बॅटरी हिवाळ्यापूर्वी तपासून घ्यावी आणि मीटरवरचा पिवळा दिवा लागला असेल तर 'गाडी चालतेय ना' म्हणून त्याकडे काणाडोळा करू नये.